डाउनलोड केलेल्या प्रोग्रॅममध्ये मालवेअर आहे का, हे तपासायचं कसं

फाइल डाउनलोड झाली आहे आणि तिच्यावर अजून डबल-क्लिक केलेलं नाही. तपासणीसाठी यापेक्षा चांगली वेळ नाही. नुसती पडून असलेली ईएक्सई फाइल (विंडोजवर चालणारा प्रोग्रॅम) आपणहून काही करत नाही. एकदा चालवली की मात्र तपास संपतो आणि निस्तरणं सुरू होतं.

नवीन माणसाला वाटतं की एखादं टूल लावलं की ते 'स्वच्छ' किंवा 'घातक' असं सांगून मोकळं होईल. तसं टूल नाही आणि होणारही नाही. प्रत्येक व्हायरस ओळखेल आणि कधीच चुकणार नाही असा प्रोग्रॅम लिहिता येत नाही, हे फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच गणिताने दाखवून दिलं. मग हाती उरतं ते पुरावे गोळा करणं. ते करताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: हा प्रोग्रॅम जे काम करतो म्हणून सांगतो, त्या कामाला ज्याची गरज नाही असं काही तो करतोय का? व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमने कॅमेरा मागितला तर त्यात विशेष काही नाही. पीडीएफची वर्ड फाइल करून देणाऱ्याने मागितला तर शंकेची पाल चुकचुकायलाच हवी. पुढे उदाहरण म्हणून असाच एक पीडीएफ कन्व्हर्टर धरू. टूल्स मुख्यतः विंडोजची सांगतो, कारण बहुतेकांना प्रश्न तिथेच पडतो.

फाइल आली कुठून

टूल्सकडे वळण्याआधी हे बघा. बरीचशी प्रकरणं इथेच निकालात निघतात. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी लिंक ही अनेकदा जाहिरात असते, आणि नामांकित सॉफ्टवेअरच्या नावाने अशा जाहिराती विकत घेऊन हुबेहूब बनावट साइट दाखवणं हा जुना धंदा आहे. त्यामुळे साइटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. 'फ्री डाउनलोड' असं मोठं हिरवं बटण असलेल्या तिसऱ्याच साइटवरून घेतलेली फाइल असेल, तर ती तपासत बसण्यापेक्षा पुसून टाकून मूळ निर्मात्याच्या साइटवरून पुन्हा घेणं केव्हाही स्वस्त पडतं.

फाइल नेमकी कुठून आली हे आठवत नसेल तर विंडोजला विचारता येतं. ब्राउझरने उतरवलेल्या फाइलला विंडोज 'झोन.आयडेंटिफायर' नावाची एक लपलेली चिठ्ठी जोडतं. पॉवरशेलमध्ये (विंडोजची कमांड लिहायची खिडकी) 'गेट-कंटेंट' या कमांडला 'स्ट्रीम' पर्याय देऊन ती वाचली की 'झोनआयडी=३' दिसतं, म्हणजे फाइल इंटरनेटवरून आली. बऱ्याचदा त्याखाली डाउनलोडचा पूर्ण पत्ताही असतो.

आता काही खुणा, ज्या दिसल्या की मी पुढची मेहनतच घेत नाही. झिप फाइलला पासवर्ड आहे आणि तो पासवर्ड डाउनलोडच्या पानावरच लिहिलाय: याचा उद्देश एकच, वाटेतल्या स्कॅनरला आत डोकावता येऊ नये. 'इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा' अशी सूचना. झिप दोन-चार मेगाबाइटची, पण उघडल्यावर फाइल ७०० मेगाबाइटची: आत शून्यांची नुसती भर घातलेली असते, कारण खूप मोठ्या फाइली अनेक स्कॅनर सोडून देतात. आणि नावातली फसवणूक. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे 'बिल.पीडीएफ.ईएक्सई' ही फाइल नुसती 'बिल.पीडीएफ' दिसते. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची सेटिंग आजच चालू करा. तरीही एक युक्ती उरते: मजकूर उजवीकडून डावीकडे वळवणारं एक अदृश्य युनिकोड अक्षर नावात घातलं की शेवटची अक्षरं उलटी दिसतात आणि ईएक्सई फाइल भलत्याच प्रकारची वाटते. म्हणून नावापेक्षा 'टाइप' हा रकाना बघायची सवय लावा.

हॅश आणि सही: काय सिद्ध होतं, काय नाही

फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. विंडोजमध्ये पॉवरशेलची 'गेट-फाइलहॅश' कमांड, लिनक्सवर 'एसएचए२५६सम'. चौसष्ट अक्षरांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बिट बदलला तरी ती ओळ पार बदलते. निर्मात्याने प्रसिद्ध केलेल्या हॅशशी ती जुळवायची. एमडी५ आणि एसएचए-१ वर मात्र विसंबू नका, त्यांत दोन वेगळ्या फाइलींचा हॅश मुद्दाम एकसारखा करता येतो. एसएचए-१ च्या बाबतीत गुगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ मध्ये ते करूनच दाखवलं.

हॅश जुळला म्हणजे निर्मात्याने ठेवलेली फाइलच तुमच्या हातात आली, एवढंच. ती निर्दोष आहे असं त्यातून निघत नाही. मे २०१७ मध्ये हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरच्या एका मिरर सर्व्हरवर (फाइलींची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर) कुणीतरी मॅकसाठीची फाइल बदलून प्रोटॉन नावाचा ट्रोजन (कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेतलेलं मालवेअर) ठेवला. ज्यांनी हॅश पडताळला त्यांना ते कळू शकत होतं. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीक्लीनरच्या ५.३३ आवृत्तीत मात्र घुसखोरी झाली ती फाइल तयार होते तिथेच. अधिकृत साइट, वैध डिजिटल सही (फाइल कुणाची आहे हे सांगणारी खूण), सगळं जागच्या जागी, आणि आत मागचं दार. कंपनीच्या अंदाजाने ती आवृत्ती सुमारे २२.७ लाख जणांकडे गेली. तिथे हॅश जुळवणाऱ्याला काहीच खटकलं नसतं.

शिवाय हॅश फाइलच्याच पानावर लिहिलेला असेल आणि ती साइटच कुणाच्या ताब्यात गेली असेल, तर तो माणूस हॅशही बदलू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या साइटवर घुसून डाउनलोडची लिंकच बदलली गेली होती. म्हणून जिथे जीपीजी सही (निर्मात्याने आपल्या गुप्त किल्लीने फाइलवर केलेली सही) दिलेली असते तिथे ती तपासणं जास्त भरवशाचं, कारण सहीची गुप्त किल्ली सहसा त्या सर्व्हरवर नसते.

विंडोजमधली सही बघायला फाइलवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. तिथे नाव दिसलं की समाधान मानू नका. 'डिटेल्स' उघडून सही वैध आहे असं लिहिलंय का ते वाचा, आणि सही करणारी कंपनी या सॉफ्टवेअरचीच निर्माती आहे का तेही. पीडीएफ कन्व्हर्टरवर कुठल्याशा बांधकाम कंपनीची सही असेल तर सहीमागचं प्रमाणपत्र चोरीचं किंवा फसवून मिळवलेलं असण्याची दाट शक्यता आहे. उलट, सही नाही म्हणून फाइल वाईट असंही नाही. एकट्या-दुकट्याने हौसेने लिहिलेल्या कितीतरी चांगल्या प्रोग्रॅमना सही नसते, कारण प्रमाणपत्राला पैसे लागतात.

न चालवता आत बघणं

इथून पुढचं काम व्हर्च्युअल मशीनमध्येच (कॉम्प्युटरच्या आत चालणारा वेगळा, बंदिस्त कॉम्प्युटर) करा, म्हणजे चुकून एंटर दाबलं गेलं तरी नुकसान तिथेच थांबेल.

पहिल्यांदा फाइल खरोखर काय आहे ते बघा. हेक्स एडिटरमध्ये उघडली आणि पहिली दोन अक्षरं 'एमझेड' दिसली, तर ती विंडोजचा प्रोग्रॅम (किंवा डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमने वापरायची कोडची फाइल) आहे, नाव काहीही असो. ही अक्षरं मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमरची आद्याक्षरं आहेत, डॉसच्या काळापासून चालत आलेली. लिनक्सच्या प्रोग्रॅममध्ये पहिल्या बाइटनंतर 'ईएलएफ' दिसतं.

डाउनलोड केलेली फाइल बहुधा इन्स्टॉलर असते, म्हणजे आत दाबून भरलेल्या आणखी फाइली. बाहेरचा इन्स्टॉलर तपासून थांबणं हा नवख्यांचा नेहमीचा घोळ. सेव्हन-झिपने तो उघडून बघा. अनेक इन्स्टॉलर तसे सरळ उघडतात, इनो सेटअपने बनवलेल्यांसाठी इनोएक्स्ट्रॅक्ट वापरा. मग आतल्या प्रत्येक ईएक्सई आणि डीएलएलची वेगळी तपासणी. चांगला प्रोग्रॅम आणि त्याच्या शेजारी ठेवलेली एक वाईट डीएलएल ही जोडी फार वेळा सापडते: सही असलेला प्रोग्रॅम सुरू होतो आणि आपल्याच फोल्डरमधली ती डीएलएल आत ओढून घेतो.

आता स्ट्रिंग्ज, म्हणजे फाइलमधला वाचता येणारा मजकूर. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या टूलसंचातलं 'स्ट्रिंग्ज' हे टूल विंडोजसाठी ठीक. लिनक्सवरची त्याच नावाची कमांड नुसती चालवली तर एका बाइटचीच अक्षरं शोधते, आणि विंडोज प्रोग्रॅममधला बराच मजकूर दोन बाइटच्या युनिकोडमध्ये असतो. तो तिच्याकडून सुटतो. त्यासाठी वेगळा पर्याय देऊन ती दुसऱ्यांदा चालवावी लागते. निम्मा पुरावा इथेच गळतो म्हणून मुद्दाम सांगितलं.

समजा, आपल्या पीडीएफ कन्व्हर्टरमधून हजारभर ओळी निघाल्या. बहुतेक निरुपयोगी: कंपायलरची नावं, एरर मेसेज, फॉन्टची नावं. पण मध्येच दिसतं 'क्रोम\यूजर डेटा\डिफॉल्ट\लॉगिन डेटा'. त्याखाली 'वॉलेट.डॅट'. आणखी खाली टेलिग्रामच्या बॉट सेवेचा पत्ता. 'लॉगिन डेटा' ही क्रोमची जतन केलेले पासवर्ड ठेवायची फाइल आहे, 'वॉलेट.डॅट' बिटकॉइनच्या वॉलेटची. पीडीएफ उघडायला यातलं काय लागतं? इथे आपल्या मूळ प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालेलंच आहे.

यानंतर इम्पोर्ट्स, म्हणजे प्रोग्रॅम विंडोजकडून कोणकोणती कामं करून घेतो त्यांची यादी. पीईस्टुडिओसारखं टूल ती नीट मांडून दाखवतं. सुटी नावं फारसं बोलत नाहीत, जोड्या बोलतात. 'व्हर्च्युअलअलॉकईएक्स', 'राइटप्रोसेसमेमरी' आणि 'क्रिएटरिमोटथ्रेड' हे तिघे एकत्र दिसले तर प्रोग्रॅम दुसऱ्या चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत जागा घेऊन, तिथे कोड लिहून, तो चालवू शकतो. डीबगरला (प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या टूलला) याची गरज पडू शकते, कन्व्हर्टरला नाही. 'गेटअसिंककीस्टेट' हे की दाबली आहे का ते विचारतं. गेममध्ये ते सहज आढळतं, पण नेटवर्कवर माहिती पाठवणाऱ्या आणि खिडकी न दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिसलं तर कीलॉगरचा (दाबलेल्या की चोरून टिपणाऱ्या प्रोग्रॅमचा) संशय घ्या.

कधीकधी मात्र स्ट्रिंग्जमध्ये काही नाही, इम्पोर्ट्समध्ये दोन-चारच नावं, असा कोरा करकरीत प्रकार समोर येतो. मग फाइल पॅक केलेली असू शकते: खरा कोड दाबून किंवा एन्क्रिप्ट करून ठेवलेला, चालवल्यावर मेमरीत उलगडणारा. एंट्रॉपी, म्हणजे बाइट किती विस्कळीत आहेत याचं माप, हा त्याचा अंदाज. ती प्रति बाइट ० ते ८ बिट अशी मोजतात. साधा कोड साधारण ६ च्या आसपास राहतो, ७ च्या बरीच वर गेली की आत दाबलेलं किंवा एन्क्रिप्ट केलेलं काहीतरी आहे. फाइलच्या भागांची (सेक्शनची) नावं 'यूपीएक्स०', 'यूपीएक्स१' असतील तर नशीब चांगलं, कारण यूपीएक्स हा पॅकर स्वतःच फाइल पुन्हा उलगडून देतो. पॅक केलं म्हणजे मालवेअर असं समीकरण करू नका. इन्स्टॉलरची एंट्रॉपी स्वभावतःच जास्त असते, आणि चोरी टाळायला प्रामाणिक कंपन्याही पॅकर वापरतात.

सत्तर स्कॅनरचं मत कसं वाचायचं

व्हायरसटोटल ही २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली आणि २०१२ पासून गुगलकडे असलेली सेवा एकाच फाइलवर सुमारे सत्तर अँटीव्हायरस इंजिनांचं मत घेते. तिथे आधी हॅश शोधा, फाइल चढवू नका. फाइल चढवली की ती सेवेच्या भागीदारांना आणि पैसे भरणाऱ्या ग्राहकांना मिळू शकते. खासगी कागदपत्रं किंवा कार्यालयातलं अंतर्गत सॉफ्टवेअर तिथे गेलं की परत येत नाही.

निकालाचा आकडा बघून निर्णय घेणारे दोन्ही बाजूंनी फसतात. 'शून्य' आलं आणि फाइल पहिल्यांदा तासाभरापूर्वीच दिसली आहे, तर त्या शून्याला फार अर्थ नाही. ताजं मालवेअर असंच कोरं दिसतं. दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासा. 'तीन' आलं, तर त्या तिघांनी दिलेली नावं वाचा. 'जेनेरिक', 'ह्युरिस्टिक', 'सस्पिशस' अशी मोघम नावं असतील आणि मोठी इंजिनं गप्प असतील, तर खोटा इशारा असायची शक्यता बरीच. तिघांनीही एकाच कुटुंबाचं (एकाच मुळातून आलेल्या मालवेअरच्या गटाचं) नाव घेतलं असेल तर तीनही पुरेसे आहेत. आणि एक लक्षात ठेवा, काही इंजिनं आतून एकच तंत्र भाड्याने वापरतात, त्यामुळे पाच सारखी उत्तरं म्हणजे पाच स्वतंत्र साक्षीदार असतीलच असं नाही.

खोट्या इशाऱ्यांचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. समजा, एक लाख फाइलींत १०० वाईट आहेत आणि स्कॅनर ९९ टक्के वाईट फाइली पकडतो, चांगल्या फाइलींवर फक्त १ टक्का वेळा चुकतो. तो ९९ वाईट पकडेल, आणि ९९,९०० चांगल्यांपैकी ९९९ वरही बोट ठेवेल. म्हणजे वाजलेल्या प्रत्येक अकरा घंटांपैकी दहा खोट्या. मशीन लर्निंगने मालवेअर ओळखायला शिकणाऱ्यांनी हे गणित आधी घोकावं. एम्बर या २०१८ च्या खुल्या संचात ११ लाख फाइलींची वैशिष्ट्यं आहेत, त्यावर मॉडेल उभं करणं फार अवघड नाही. अचूकता ९९ टक्के आली की आनंद होतो. खरा कस चांगल्या फाइलींवर ते किती कमी वेळा चुकतं याचा असतो. सरावाच्या फाइली जुन्या आणि चाचणीच्या त्यांच्यानंतरच्या अशी काळानुसार विभागणी केली नाही, तर आलेला आकडाही फुगलेला असतो.

चालवून बघायचंच असेल तर

व्हर्च्युअल मशीन घ्या, शेअर्ड फोल्डर आणि क्लिपबोर्ड बंद करा, नेटवर्क तोडा, स्नॅपशॉट (परत येता येईल अशी मशीनची जतन केलेली अवस्था) घ्या, मग चालवा. विंडोज सँडबॉक्स (विंडोजमधलाच तात्पुरता बंदिस्त डेस्कटॉप) सोयीचा आहे (प्रो आवृत्तीपासून मिळतो), पण त्यात नेटवर्क आणि क्लिपबोर्ड मुळातच चालू असतात. कॉन्फिगरेशन फाइल लिहून ते बंद करावे लागतात.

प्रोसेस मॉनिटर (प्रोग्रॅम काय काय करतो ते ओळीओळीने दाखवणारं टूल) सुरू ठेवून प्रोग्रॅमच्या नावाने फिल्टर लावा, नाहीतर ओळींच्या पुरात बुडाल. बघायचं ते असं: ॲपडेटामध्ये नवी ईएक्सई टाकली का, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) 'रन' या कीमध्ये किंवा शेड्यूल्ड टास्कमध्ये स्वतःची नोंद केली का, पॉवरशेल सुरू केलं का. 'व्हीएसएसॲडमिन' वापरून शॅडो कॉपी (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रती) पुसल्या तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं मालवेअर) समोर उभं आहे. चालवण्याआधी आणि नंतर ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्यांची यादी देणारं टूल) घेऊन दोन्ही याद्यांची तुलना करा, नव्याने सुरू होणारं सगळं उघडं पडतं.

काहीच झालं नाही तर? कोअर एकच, मेमरी कमी, माउस हलत नाही, कागदपत्रांचं फोल्डर रिकामं: हे बघून बरंच मालवेअर ओळखतं की आपण प्रयोगशाळेत आहोत आणि निमूट बसतं. काही नुसतं अर्धा तास झोपून राहतं. म्हणून मशीनला वापरातलं रूप द्या आणि वेळ द्या. त्यानंतरही शांत राहिलं, तर नोंद 'काही दिसलं नाही' अशी करा, 'स्वच्छ आहे' अशी नको.

मग याला म्हणायचं काय

वर्गीकरणात दोन वेगळे प्रश्न गुंततात. आत कसं आलं आणि आल्यावर काय केलं. ट्रोजन हे येण्याच्या पद्धतीचं नाव, कामाच्या प्रोग्रॅमचं सोंग घेऊन येणं. डाउनलोडमधून येतं ते जवळजवळ सगळं यात बसतं, त्यामुळे नुसतं 'ट्रोजन' म्हटल्याने माहिती फार वाढत नाही. व्हायरस दुसऱ्या फाइलींना चिकटून पसरतो, वर्म नेटवर्कवरून आपणहून. कामाच्या बाजूने बघाल तर पासवर्ड आणि कुकी (ब्राउझरने लॉगिन लक्षात ठेवायची खूण) उचलणारा इन्फोस्टीलर, दुरून मशीन चालवू देणारा रॅट, फाइली कुलूपबंद करणारं रॅन्समवेअर, तुमच्या विजेवर नाणी काढणारा मायनर, आणि नुसता पुढचा माल उतरवणारा डाउनलोडर. टूलबार आणि जाहिराती लादणाऱ्यांसाठी 'नको असलेला प्रोग्रॅम' असा वेगळा खण आहे; त्यांना घातक म्हणावं की नुसतं निर्लज्ज, यावर कंपन्यांचंही एकमत नसतं.

मायक्रोसॉफ्टच्या नावांची रचना शिकून घ्या: आधी प्रकार, मग प्लॅटफॉर्म, कुटुंब, आवृत्ती. 'ट्रोजन:विन३२/वाकाटॅक.बी!एमएल' असं आलं, तर शेवटचं 'एमएल' सांगतं की हा निर्णय मशीन लर्निंगचा आहे, माणसाने उलगडून पाहिलेला असेलच असं नाही. दुसरी कंपनी त्याच फाइलला भलतंच नाव देईल. म्हणून तुमच्या नोंदीत नावाआधी वागणूक लिहा. आपल्या कन्व्हर्टरची नोंद अशी होईल: ट्रोजन स्वरूपातला इन्फोस्टीलर, क्रोमचे पासवर्ड आणि वॉलेट वाचण्याचे पुरावे स्ट्रिंग्जमध्ये, टेलिग्रामवरून माहिती बाहेर, कुटुंब अनिश्चित. सोबत हॅश, डाउनलोडचा पत्ता आणि तारीख.

फाइल आधीच चालवली गेली असेल, तर नेटवर्क तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. त्याच मशीनवरून बदललेले नवे पासवर्डही चोराकडे जाऊ शकतात. नुसते पासवर्ड बदलून भागत नाही. चोरलेली कुकी पासवर्डशिवायही चालते, म्हणून प्रत्येक खात्यात 'सगळीकडून साइन आउट' करा, आधी ईमेल, मग बँक. इन्फोस्टीलर किंवा रॅट असेल तर साफसफाईच्या नादी न लागता विंडोज नव्याने टाका.

आणि नमुना अँटीव्हायरस कंपनीला पाठवायचा असेल तर तो झिप करा, पासवर्ड लावा. तो पासवर्ड सगळीकडे एकच ठेवायची प्रथा आहे: 'इन्फेक्टेड'. वाटेतला स्कॅनर ती फाइल गिळून टाकत नाही आणि पलीकडच्या माणसाला पासवर्ड विचारावा लागत नाही.